खांबाशेजारची जागा

दिगूबुवांनी झांज वाजवली, पुन्हा वाजवली, आणि ते गप्प राहिले.

रामाच्या देवळातलं, चैत्रातल्या उत्सवाचं कीर्तन. उन्हं कलायला लागलेली, मांडवाच्या कापडातून पिवळा उजेड खाली झिरपत होता, बायकांच्या हातातले पंखे एका लयीत हलत होते. कीर्तनकार थांबला की श्रोत्यांना वाटतं, आता काहीतरी मोठं येणार. सगळे सावरून बसले. तबलजीचा हात वरच्या वर राहिला. मी आपली नेहमीच्या जागी, बायकांच्या बाजूच्या पहिल्या खांबाला टेकून, डोळे अर्धे मिटून पुढची साकी म्हणत होते. मनातल्या मनात म्हणायची, पण माझे ओठ हलतात. लहानपणापासूनची खोड.

डोळे उघडले तर बुवा माझ्याकडे बघत होते. सरळ नव्हे. तोंड रामाकडे, हात जोडलेले, आणि नजर तेवढी तिरपी होऊन माझ्या ओठांवर आलेली. पळभरच. लगेच मान फिरवून त्यांनी खणखणीत आवाजात उचललं:

मागावरती बसला म्हाळू, नाम धरोनी ओठी
धोटा धावे इकडुनि तिकडे, राम तयाच्या पोटी

लोकांच्या माना डोलल्या. पलीकडून कुणी तरी ‘वा बुवा’ म्हणालं. म्हाळू साळ्याच्या आख्यानातली ही पहिली साकी. दिगूदादा झोपेतून उठवलं तरी म्हणतील अशी. ती त्यांना माझ्याकडून घ्यावी लागली होती.

हे आख्यान माझ्या वडिलांनी, अप्पांनी, रचलेलं. आमचं गाव साळ्यांचं, विणकरांचं. रामासाठी शेला विणता विणता डोळे गेलेल्या म्हाळू साळ्याची गोष्ट गावात सगळ्यांनाच माहीत, पण अप्पांनी ती साक्या-दिंड्यांत गुंफली. पाडव्यापासून रोज तिसऱ्या प्रहरी आख्यान थोडं थोडं पुढे जायचं. नवमीला, दुपारी रामजन्म झाल्यावर, तिसऱ्या प्रहरच्या कीर्तनात म्हाळूचा शेला पुरा व्हायचा, आणि शेवटची साकी म्हणून झाली की साळीआळीतल्या लोकांनी त्या वर्षी विणलेला खराखुरा शेला रामाच्या खांद्यावर घालायचे. त्या साकीशिवाय शेला चढत नसे. तो क्षण बघायला तालुक्यातून माणसं यायची.

अप्पांचा हट्ट असा की आख्यान कागदावर उतरायचं नाही. तोंडातून कानात, कानातून तोंडात. त्यांनी ते एकाच शिष्याला दिलं, दिगंबरला. तो आमच्याच घरी राहून शिकला, म्हणून माझा दिगूदादा. भाऊबीजेला मी सख्ख्या भावाच्या, नानाच्या आधी त्याला ओवाळायची. ओसरीवर अप्पा सांगायचे, दिगूदादा म्हणायचा, आणि मी दाराआड तांदूळ निवडत बसलेली असायची. मुलींना शिकवायची रीत नव्हती, पण मुलींचे कान बुजवायचीही नव्हती. तसं ते मला आलं. मला येतं हे दिगूदादाला ठाऊक होतं. बाकी कुणाला सांगायची वेळच आली नाही. माझं लग्न झालं, पाच-सहा वर्षांत कपाळ पांढरं करून मी परत आले, नानाच्या घरी राहू लागले. अप्पा गेले. दिगूदादाचे दिगंबरबुवा झाले.

त्या दिवशी कीर्तन संपेपर्यंत त्यांनी माझ्याकडे आणखी बऱ्याचदा पाहिलं. दर वेळी तसंच, चोरून. आणि दर वेळी मी पुढचं म्हणत राहिले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात कुरडया घालत होते. मागच्या दारातून दिगूदादा आले. केस विस्कटलेले, उपरणं उलटं.

“नाना आहे का घरात?”

“देवळात गेलाय, दादा. पंचांची बैठक आहे.” त्याच देवळाचा नाना पंच होता.

“बरं झालं.” ते पायरीवर बसले. कुरडयांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “अप्पा झोपलेत का?”

माझ्या हातातला सोऱ्या तसाच राहिला. अप्पांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं. त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

“हे असं होतंय, मथू. परवा देवळातून निघालो तो कुंभारआळीत जाऊन उभा राहिलो. घर सापडेना. कुणाला विचारायचं, माझंच घर कुठाय म्हणून?”

“वैद्यांना दाखवलं का?”

“दाखवलं की गावाला कळलं.”

“वहिनींना तरी?”

“तिला मुळीच सांगायचं नाही. ती रडायला लागली की मला कळत नाही कशासाठी रडते, आणि मग मी तिच्यावर ओरडतो. घरात निभतं गं. घरात सगळं ती हातात देते. गादीवर कोण देणार?”

कीर्तनाची जागा म्हणजे नारदाची गादी. तिच्यावर उभ्या असलेल्या माणसाला मधेच शब्द सुचवायचा नाही, हा आमच्याकडचा दंडक. त्याने कागद धरायचा नाही, कुणाला विचारायचं नाही. त्या घटकेला त्याच्या तोंडून देव बोलतो, आणि देवाला कोण आठवण करून देणार? पेटीवाले दरसाल बाहेरून येत, त्यांना सुरांशी काम. गावकऱ्यांना गोष्ट ठाऊक, एखादी ओळ ठाऊक, पण सबंध साखळी कुणालाच नाही.

“सांगून टाका ना पंचांना,” मी म्हटलं. “म्हणावं, वय झालं. मानाने उतरा.”

“मानाने?” ते हसले. “तुझा नाना आत्ताच म्हणतोय, बुवा हल्ली अडखळतात, पुढल्या साली पुण्याहून कुणी तरुण बोलवू. एकदा अडलो की संपलं. आणि गादीवरून उतरलो तर मी कोण गं? मला रोज सकाळी उठल्यावर एवढंच आठवतं, की आज कीर्तन आहे. ते काढून घेतलं तर काय आठवू?”

“नवमीपर्यंत तेवढी त्या खांबापाशी बस. तिथनं तुझं तोंड मला नीट दिसतं. शेला चढला की मी माझ्या तोंडाने सांगतो, आता पुरे म्हणून. अप्पांची शपथ घेऊन सांगतो.”

“अहो पण दादा, लोक बघतात.”

“लोक कीर्तन बघतात,” ते म्हणाले. आणि उठून समोरच्या दाराने न जाता तसेच मागच्या दाराने गेले. तेवढ्यात शेजारच्या चिंगूआत्या धुणं वाळत घालायला बाहेर आल्या होत्या, त्यांनी ते पाहिलं.

*

पंचमीला सरूवहिनींकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. सरूवहिनी म्हणजे दिगूदादांची बायको. हळदीकुंकवात मला स्थान नव्हतं, पण कैरीची डाळ वाटायला माझ्याशिवाय कुणाचं चालत नसे. मी स्वयंपाकघरात पाट्यापाशी बसले होते. भोवती बायकांचा घोळका.

“मथे, तुझ्या त्या खांबात काय पुरलंय गं?” चिंगूआत्यांनी हरभरे निवडता निवडता सोडलं. “बुवांचं सारखं लक्ष तिथंच.”

“खांबावर गरुड कोरलाय ना आत्या,” मी म्हटलं. “त्याला हात जोडतात.”

“गरुड वरती आहे हो. त्यांची नजर खाली येते.”

बायका खुसखुसल्या. एकीने दुसरीला कोपराने ढोसलं.

“अगं, कीर्तनकार आहेत ते,” तिसरी म्हणाली. “चहूकडे बघायलाच हवं त्यांना.”

“चहूकडे कुठं बघतात? आम्ही काय या बाजूला वांगी बसवलीत?”

पुन्हा हशा. मी वरवंटा जोरात फिरवला. सरूवहिनी चुलीपाशी पन्हं ढवळत होत्या. त्याही हसल्या, म्हणाल्या, “बघू देत बाई कुठं बघायचं ते. घरात तर कुठंच बघत नाहीत. काल पानावर बसले आणि मला म्हणतात, ‘बाई, जरा मीठ वाढा.’ बाई! मी काय खाणावळवाली?”

बायका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

“आणि परवा बोलता बोलता माझं नावच तोंडात येईना. दोनदा ‘अगं हे’, ‘अगं हे’ केलं नि उठून गेले.” वहिनींनी पळी बाहेर काढली. “चित्त ठिकाणावर नाही. कुठं असतं कोण जाणे.”

हे म्हणताना त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि आता त्या हसत नव्हत्या. ते नाव का आठवलं नाही, ते मला ठाऊक होतं. ओठांपर्यंत आलं होतं. पण परसातल्या पायरीवर दादांनी मला ‘मुळीच सांगायचं नाही’ म्हणून बजावलं होतं. मी डाळीत मीठ घातलं, फोडणी दिली आणि हात धुऊन मागच्या मागे घरी निघून गेले.

त्याच दिवशी कीर्तनात बुवांनी नेहमीपेक्षा जास्त वेळा पाहिलं. बायकांच्या बाजूला दर वेळी कुजबूज उठायची. मी मान खाली घालून बसावं की वर, तेच कळेना. खाली घातली तर त्यांना ओठ दिसत नव्हते.

*

सप्तमीला नानाला ते पानाच्या दुकानावर कळलं. घरी आल्यावर त्याने चप्पलही काढली नाही.

“उद्यापासून देवळात पाय टाकायचा नाही.”

“का?”

“का म्हणून मला विचारतेस? पान खायला उभा राहिलो तर लोक म्हणतात, नाना, तुमच्या घरचं कीर्तन फार रंगतंय. अप्पांच्या मुलीला हे दिवस बघायचे होते?”

“नाना, तुला वाटतं असं काही असेल? मी त्यांना ओवाळते.”

“मला काय वाटतं याला कोण विचारतो! त्या दिवशी मागच्या दाराने आला होता ना तो? तुझ्याकडे? मी घरात नसताना?”

“तुलाच विचारत होते.”

“मी कुठे होतो ते त्याला ठाऊक नव्हतं? बैठकीची वेळ त्यानेच ठरवून दिली होती.”

ती वेळ दादांना आठवत नव्हती, एवढं सांगितलं असतं तर पुरलं असतं. मी म्हटलं, “नाना, दादांना बरं नाही.”

“कोणतं बरं नाही ते गावाला कळलंय. तेवढंच बाकी राहिलं होतं.” मग त्याचा आवाज उतरला. नाना वाईट माणूस नव्हता. “मथे, त्याचं काही खरंच असेल तर मला सांग. पण नीट विचार करून सांग. मी पंच आहे. एकदा कानावर आलं की मला गप्प बसता यायचं नाही.”

मी विचार केला. सांगितलं तर माझं नाव सुटत होतं आणि दादांची गादी जात होती. नाही सांगितलं तर त्यांना नवमीपर्यंतचे दिवस मिळत होते. माझ्या नावाचं मी काय करणार होते? ना कुठे सोयरीक जुळवायची होती, ना कुठे मिरवायचं होतं. पण दोन घास ज्याच्या घरी खात होते त्याची मान खाली जात होती, हेही दिसत होतं.

“काही नाही,” मी म्हणाले.

“मग घरात बैस. आणि गेलीस, तर पुन्हा या घरात यायचं नाही. खालापूरच्या तुझ्या दिरांना लिहितो, तुमची माणसं तुम्ही न्या म्हणून.”

अष्टमीला मी घरी राहिले. गावात असताना उत्सवातलं चुकलेलं माझं ते एकच कीर्तन. देवळातला आवाज आमच्या ओसरीपर्यंत यायचा. साकी यायची तिथे दादा नामाचा गजर घेत होते. पुन्हा गजर. पुन्हा गजर. लोकांना वाटलं, बुवा आज भक्तीत बुडाले आहेत. भावजय घरी येऊन म्हणाली, “आज काय टाळ्या वाजवून घेतल्या बाई, हात दुखले.” मी हो म्हटलं. गजरावर एक दिवस निभतो. नवमीचा शेला गजरावर चढत नाही.

*

नवमीला रामजन्म झाला, सुंठवडा वाटला, घरची माणसं जेवून आडवी झाली. तिसऱ्या प्रहरी झांजेचा पहिला ठोका ऐकू आला तशी मी उठले, धुवट लुगडं नेसले आणि निघाले. नाना आधीच देवळात होता. जाताना मी स्वयंपाकघरातली माझी वाटी आणि भांडं धुऊन पालथं घातलं. परत यायचं नाही हे मला कळत होतं.

देऊळ भरून वाहत होतं. बायकांतून वाट काढत मी पुढे गेले. खांबाशेजारची जागा रिकामी नव्हती. सरूवहिनी बसल्या होत्या.

गर्द हिरवं नऊवारी, नाकात नथ, अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा. त्या कधी पुढे बसत नसत. कीर्तनकाराच्या बायकोने कोपऱ्यात, दाराशी बसायचं, तिथे त्या बसायच्या. आज त्या खांबाला टेकून पाय मुडपून बसल्या होत्या, जणू तिथेच जन्म गेला.

“वहिनी,” मी वाकून म्हटलं, “मला जरा—”

“आज मी बसते इथं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “तू मागं बस. बरं दिसेल.”

मला वाटलं, किती ही मोठ्या मनाची बाई. लोकांची तोंडं बंद करायला स्वतः येऊन बसली. नवरा बघतो तो स्वतःच्या बायकोकडे, असं गावाला दिसावं म्हणून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच वेळी ध्यानात आलं, त्यांना आख्यानातली एकही ओळ येत नव्हती.

“वहिनी, ऐका तरी—”

“बसा हो खाली!” मागून ओरडा झाला. पेटी सुरू झाली होती. मी पाचव्या-सहाव्या रांगेत जिथे फट मिळाली तिथे बसले. पुढे एवढ्या अंबाड्यांची भिंत.

पूर्वरंग छान झाला. पूर्वरंगात बोलायचं असतं, आणि बोलण्यात दादांना कुठूनही कुठे जाता यायचं. मध्यंतरात हार घातला, बुक्का फिरला. बुक्का सगळ्यांना सारखा लागतो, सवाष्ण असो की माझ्यासारखी. म्हणून मला कीर्तन आवडतं. मी कपाळ पुढे केलं आणि रामाला म्हटलं, आजच्या दिवस तूच त्याच्या तोंडात बस.

उत्तररंग सुरू झाला. सुरुवातीच्या दोन साक्या त्यांना आल्या. मग म्हाळूची दृष्टी जाते तो प्रसंग आला. दादांनी डोळे मिटले, हात पसरले.

“तुटला धागा…”

थांबले.

“तुटला धागा…”

लोक स्तब्ध झाले. म्हाळूचा धागा तुटला आणि बुवांचा सूर तुटला, असं त्यांना वाटलं. माझ्या शेजारची म्हातारी पदराने डोळे पुसायला लागली. “काय हुबेहूब उभं करतात गं,” ती म्हणाली.

दादांनी झांज वाजवली. हळूच नजर खांबाकडे गेली. मला अंबाड्यांच्या फटीतून ते दिसलं. ती नजर खांबापाशी गेली आणि तिथेच राहिली. दर वेळी ती पळभरात परत यायची. या वेळी आली नाही. ते वहिनींच्या तोंडाकडे बघत राहिले, उघड, सगळ्या गावादेखत. वहिनींनी मान थोडी वर केली. त्यांचे ओठ मिटलेले होते.

“तुटला धागा…” दादा म्हणाले. पण आता तो सूर नव्हता. कुणाला तरी विचारावं तसं ते म्हणाले.

तबलजीने ठेका धरला, सोडला. पुरुषांच्या बाजूला चुळबूळ सुरू झाली. कोणीतरी खाकरलं. नाना उठून उभा राहिला, शेजारच्या पंचाकडे त्याने पाहिलं. पुढे काय होणार ते मला दिसलं.

मी उठले आणि म्हटलं. मोठ्याने, अप्पा म्हणायचे त्या चालीवर:

तुटला धागा, अंधारातुन चाचपतो मग म्हाळू
डोळे गेले, बोटे बघती, राम किती कनवाळू

सगळं देऊळ माझ्याकडे वळलं. गादीवर उभ्या असलेल्या माणसाला शब्द सुचवला, तोही बाईने, तोही माझ्यासारख्या बाईने. मला वाटलं, आता दादा उचलतील. शेवटची साकी एवढीच राहिली होती. तेवढी झाली की शेला चढेल, मग माझं काय व्हायचं ते होवो.

दादांच्या चेहऱ्यावरचा सगळा त्रास एकदम गेला. ते हसले. गळ्यातला हार काढून त्यांनी गादीवर ठेवला, झांज ठेवली, आणि चार पावलं खाली उतरून ते पहिल्या रांगेसमोर मांडी घालून बसले. लहान मूल शिकायला बसतं तसे, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर.

“हं, अप्पा,” ते म्हणाले. “पुढचं सांगा.”

गादी रिकामी. मी तोंड उघडलं. शेवटची साकी माझ्या जिभेवर होती.

“मथे, खाली बस!” नाना ओरडला. कुणीतरी माझा पदर मागून खस्सकन ओढला. मी बसले नाही, पडले. दादा तसेच वाट बघत बसलेले. मग पंचांनी आपापसात काही बोलून आरतीचं तबक मागवलं. आख्यान अर्धं ठेवून आरती झाली. साळीआळीतले लोक शेला हातात घेऊन उभे होते. पुजाऱ्याने तो त्यांच्या हातून घेतला आणि साकीशिवायच रामाच्या खांद्यावर घातला. तेव्हापासून तो तसाच घालतात.

*

दादांना मिरजेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं, डोक्यातलं सगळं हळूहळू पुसत चाललंय, याला औषध नाही. म्हणजे खरं काय ते गावाला कळलं. मला वाटलं, आता तरी माझं नाव सुटेल.

चिंगूआत्या आमच्या ओसरीवर बसून भावजयीला सांगत होत्या, मी आत होते हे ठाऊक असून; दिरांचा निरोप येईपर्यंत नानाने मला ठेवून घेतलं होतं. “एवढा विद्वान माणूस. बाईचा नाद लागला आणि डोकं फिरलं बघ. भर देवळात उठून गायली हो, लाज ना लज्जा. मग होईल नाही तर काय?”

त्यापुढे मी कुणाला काही सांगायच्या भानगडीत पडले नाही. सांगण्यासारखं सगळं डॉक्टरांनीच सांगितलं होतं, आणि त्याचा त्यांनी हा अर्थ लावला होता.

नाना बोलला तसं वागला. दिरांचा निरोप आला. निघायच्या दिवशी सकाळी टांगा दाराशी उभा, आणि सरूवहिनी आल्या. डोळ्यांखाली काळं. मी वळकटी बांधत होते, त्या शेजारी बसून दोरीचं दुसरं टोक धरू लागल्या.

“दादा कसे आहेत?”

“आहेत. सकाळी उठून विचारतात, आज कीर्तन आहे ना? मी म्हणते, आहे. मग खूश असतात.”

आम्ही दोघींनी दोरी ताणली.

“तुला माझा राग आला असेल,” त्या म्हणाल्या. “मी तुझी जागा घेतली म्हणून हे झालं.”

“राग कसला, वहिनी? तुम्ही माझ्यासाठीच बसलात. माझं नाव वाचावं म्हणून.”

“तुझ्यासाठी?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. “किती भाबडी गं तू. मी तुझ्यासाठी कशाला बसू? मला तर तुझा गळा धरावासा वाटत होता.”

मी गाठ मारायची थांबले.

“लग्न झाल्यापासून त्यांचं प्रत्येक कीर्तन मी दाराशी बसून ऐकलं. गादीवरून त्यांनी माझ्याकडे कधी एकदाही पाहिलं नाही. मला वाटायचं, गादीवर देवाशिवाय कुणाकडे बघायचं नसतं. मग लोक म्हणायला लागले, तुझ्याकडे बघतात. मी दोन दिवस लक्ष ठेवलं. खरंच बघत होते. कसं सांगू तुला, तहानेल्या माणसाने पाण्याकडे बघावं तसं. म्हटलं, त्या जागेत आहे तरी काय? एकदा तिथं आपण बसून बघावं. एकदा माझ्याकडे तसं बघतील. म्हणून गजरा माळला, नथ घातली.”

“मग बघितलं त्यांनी,” मी म्हणाले.

“बघितलं की. चांगलं सगळ्या गावासमोर बघितलं.” त्यांच्या हातातली दोरी सुटली. “आणि मला कळलं, या माणसाला मी कोण ते ठाऊक नाही.”

बाहेरून नानाने हाक मारली, गाडी चुकेल म्हणून. वहिनी उठल्या. वळकटीचं एक टोक त्यांनी धरलं, एक मी, आणि आम्ही ती टांग्यात ठेवली. मी चढून बसले. त्यांनी टांग्याच्या दांडीवर हात ठेवला, आणि अगदी हळू, चिंगूआत्यांच्या खिडकीकडे पाठ करून विचारलं:

“मथू, गादीवरून तुझ्याकडे बघायचे तेव्हा, तुला तरी ओळखून बघायचे ना गं?”

टांगा हलला. दादांची नजर माझ्या ओठांच्या वर कधी आलीच नव्हती.